यंत्रावरचं पांघरूण

हवेतली धूळ मोजणारं माझं यंत्र गच्चीवर असतं. पीएचडीसाठी मी ते खडी क्रशरशेजारच्या या इमारतीवर ठेवलंय. आज वर गेले तर त्याला कुणीतरी जुनं सुती पातळ गुंडाळलेलं. पापड वाळत घालणाऱ्या घरमालकीणकाकू म्हणाल्या, "अगं, आत सारखी धूळ जात होती. महागाचं असेल ना? म्हणून झाकलं."

"काकू, धूळ आत जायलाच हवी!" मी करवादले. दिवसभराचा नमुना वाया गेला होता.

त्यांनी ओशाळून पातळ सोडलं. यंत्राने हवा ओढली होती तिथे कापडावर काळपट गोल उमटला होता. "बघ, केवढी घाण गेली असती बिचाऱ्याच्या आत," म्हणता म्हणता त्यांना खोकल्याची उबळ आली.

आपल्याला जे नाजूक वाटतं त्यावर आपण पांघरूण घालतो. काकूंना यंत्र नाजूक वाटलं. मला त्यांची छाती कधी तशी वाटली नाही. इथली हवा किती वाईट आहे ते मी सरांना कळवलं, परिषदेत मांडलं. दोन जिने खाली उतरून काकूंना सांगायचं मात्र सुचलं नाही.

काकू पदराने तोंड पुसून पुन्हा पापडांकडे वळल्या. माझ्या तोंडावर मास्क होता. तो काढायची लाज वाटली, आणि तसाच ठेवायचीही.