मध्यंतरानंतरचं शालूकाकूंना विचारा

शालूकाकू गोष्ट सांगताना ऐन मोक्याच्या जागी थांबायच्या आणि शेजारणीची तिरकी झालेली घागर सरळ करायच्या. घागर सरळ करायला किती वेळ लागतो? काकूंना लागायचा. तिला पोचा आलाय का ते बघायचं, बुडाशी खडा लावायचा, हात पदराला पुसायचे. तोवर रांगेतल्या वीस-पंचवीस बाया श्वास रोखून. मग कुणीतरी कळवळून म्हणायचंच, "अवो काकू, पुढं काय झालं त्याचं?" काकू रस्त्याच्या टोकाकडं बघत म्हणायच्या, "टँकर आला वाटतं."

टँकर आलेला नसायचा.

काकू म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्याची बायको. औरंगाबाद तेव्हा वाळूजच्या दिशेनं वाढू लागलं होतं आणि काकांनी शहराच्या कडेला नव्या वसाहतीत दोन खोल्या घेतल्या होत्या. तिथं नळ आधी आले, रस्ते नंतर आले, आणि पाणी कधी येणार हे विचारणाऱ्याला लोक वेड्यात काढायचे. त्यात सलग दुसऱ्या वर्षी पाऊस रुसला. मी बावीस वर्षांचा होतो. बी.कॉम.च्या एका विषयाचा माझ्यावर इतका जीव जडला होता की तो मला सोडायलाच तयार नव्हता. अभ्यासाला निवांत जागा हवी म्हणून मी काकांकडं येऊन राहिलो आणि दोन घागरी, एक हंडा घेऊन बायांच्या रांगेत उभा राहू लागलो. अकाउंटन्सीचं पुस्तक हंड्यात असायचं. ते हंड्याबाहेर फारसं आलं नाही.

रांगेचा कायदा कडक होता. जागा सोडली की नंबर गेला. त्यावरून रोज हाणामारी. समोरच्या लोखंडेबाईंनी एकदा कळशी उगारली ती रझिया आपांच्या खांद्याला लागली. त्या गोंधळात काकू एकदम म्हणाल्या, "भांडा. पण त्याआधी एका सिनेमात अशीच एक कळशी कुणाच्या डोक्यात बसली होती, ते सांगू का?" त्या दिवसापासून रांगेतली भांडणं थांबली. नंबराचा वाद निघाला तरी बाया काकूंकडं बघायच्या आणि काकू सांगतील तो नंबर.

सिनेमा त्यांच्या लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातला, विनोदी. दोन बेकार मित्र, एक लांबडा, एक गोल. नोकरी मिळते एकच. मालकाची नजर अधू, म्हणून दोघं पाळीपाळीनं तिथं जातात आणि एकच माणूस असल्याचं भासवतात. लांबडा तोंडाचा पट्टा चालवायचा आणि गोल नुसता बघायचा. काकू दोघांची कामं करून दाखवायच्या. लांबड्याचं काम करताना हात हवेत, पदर जमिनीवर. गोलाच्या वेळी नुसत्या थांबायच्या आणि डोळे अर्धे मिटायच्या. हशा पिकायचा तो याच वेळी.

"बोलायला काय, कावळा बी बोलतो," काकू म्हणायच्या. "जोडीत गप ऱ्हाणारा भारी पाहिजे. त्याच्या तोंडाकडं पाहून तर हसू येतं."

तो अर्धे डोळे मिटलेला चेहरा मी कुठंतरी पाहिलाय असं मला सारखं वाटायचं. एकदा संध्याकाळी काका कंपनीच्या बसमधून उतरले, रांगेशेजारून गेले, आणि मला उलगडा झाला. काका वाळूजला एका कारखान्यात स्टोअरकीपर होते आणि इतकं कमी बोलायचे की शेजारच्यांनी पहिले सहा महिने त्यांना काकूंचे भाडेकरू समजून काढले होते.

अडचण एकच होती. सिनेमा तीन तासांचा आणि दुष्काळ काही महिन्यांचा. पण काकूंचा सिनेमा संपत नव्हता. मध्यंतराला मालक नवा चष्मा करून आणतो, आता दोघं पकडले जाणार, इथवर आम्ही होळीला पोचलो होतो. त्यानंतर मालकानं एक घोडा घेतला. घोड्यानं चष्मा गिळला. तो परत कसा मिळवायचा यावर लांबड्या-गोलाची खटपट सुरू झाली ती आंबे आले तरी चालूच. घोडा वसाहतीचा इतका लाडका झाला की रझिया आपा रोज आधी त्याचीच चौकशी करायच्या, "अगे भाभी, घोडे का क्या हुआ बोलो ना!"

मला काकूंचा फार अभिमान वाटायचा. त्या अभिमानातच मी माती खाल्ली. औरंगपुऱ्यातल्या एका दुकानात भाड्याच्या कॅसेट उलथ्यापालथ्या करता करता मला तोच सिनेमा सापडला. मी व्हीसीआरसकट तो ठरवला, वसाहतभर आमंत्रणं दिली आणि विजयी मुद्रेनं घरी आलो.

"काकू, रविवारी दुपारी तुमचा सिनेमा! इथंच, आपल्या घरी!"

काकूंचा हात कणकेत थांबला. "कोण कोण येणारंय?"

"सगळे. लोखंडेबाई तर म्हणाल्या, बघू तरी तो घोडा."

काकांना चहाचा ठसका लागला. तो ओसरल्यावर ते माझ्याकडं रोखून बघत म्हणाले, "विन्या, तू त्या एका विषयात नापास होतोस ना, ते उगाच नाय."

मग काकूंनी सांगितलं. लग्नानंतर काकांनी सासू आजारी असल्याचं सांगून ऑफिसातून रजा काढली आणि दोघं मॅटिनीला गेले. मध्यंतरात काका भजी आणायला उतरले, तर रांगेत त्यांच्या पुढं साहेब उभे! काका तसेच वर आले, काकूंचा हात धरला आणि मागच्या दारानं थेट रस्त्यावर.

"मध्यंतराच्या पुढं मी तो सिनेमा पाह्यलाच नाय रे."

"मग घोडा?"

"घोडा माझा," काकू म्हणाल्या, पोटच्या पोराबद्दल म्हणावं तसं. आणि एकदम खाली बसल्या. "आता लोखंडेबाई म्हणंल, जी सिनेमात खोटं सांगती ती नंबरात बी खोटं सांगती. मग ऐकंल का माझं कुणी? परत कळश्या घालतील एकमेकींच्या डोक्यात."

मी जमिनीत जागा शोधत होतो. काका बराच वेळ भिंतीकडं बघत होते. शेवटी ते दोन शब्द बोलले, "मेन स्विच."

बेत साधा होता. मीटरचा बोर्ड टीव्हीच्या शेजारच्याच भिंतीवर होता. मध्यंतर आलं की काकूंनी खोकायचं, काकांनी स्विच खाली ओढायचा आणि लाइट गेली म्हणून बायांनी घरी जायचं. आमच्या भागात लाइट जाण्यावर संशय घेणारा माणूस अजून जन्मायचा होता.

रविवारी खोलीत मुंगीला जागा नव्हती. काका स्टुलावर चढून बोर्डाशी उभे. लोखंडेबाईंनी विचारलंच, "भाऊजी, वर काय करू राहिले?" काका म्हणाले, "व्होल्टेज." मध्यंतरापर्यंत सगळं काकूंनी सांगितलं होतं अगदी तसंच, शब्दाला शब्द. बाया पुढचं वाक्य आधीच म्हणत होत्या. मालकानं नवा चष्मा डोळ्यांना लावला. पडद्यावर 'मध्यंतर' अशी अक्षरं आली. मी काकूंकडं पाहिलं. काका काकूंकडं बघत होते.

काकू खोकल्या नाहीत.

अक्षरं गेली, सिनेमा पुढं सुरू झाला. घोड्याचा पत्ता नव्हता. नुसतं एक लग्न, दोन गाणी आणि रडारड. बाया चुळबुळू लागल्या. आणि काकू? काकू एकट्या हसत होत्या. पदर तोंडात कोंबून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. हसता हसता त्यांना खरोखरच खोकला आला. काकांचा हात झटकन स्विचवर गेला, तर काकू हातानं नको-नको म्हणू लागल्या. काकांनी हात काढला. पुन्हा खोकला. पुन्हा हात. असा सबंध उत्तरार्ध तो माणूस स्टुलावर उभा होता, अर्धे डोळे मिटून.

टीव्ही बंद झाला. लोखंडेबाई वळल्या. "काकू, घोडा कुठंय?"

काकूंनी डोळे पुसले आणि उठून उभ्या राहिल्या. "नव्हता. मध्यंतराच्या पुढं मी पाह्यला नव्हता. इतके दिवस तुम्हाला मनाचं सांगितलं. पण नंबराचं कधी एक दिवस मनाचं नाय सांगितलं."

चपला शोधण्याचा आवाज तेवढा झाला.

सोमवारी काकू मुकाट्यानं रांगेच्या शेवटी उभ्या राहिल्या. टँकरला उशीर झाला. तासाभरात घागरीला घागर लागली, आवाज चढले. सवयीनं दोघी-तिघींनी काकूंकडं पाहिलं. काकूंनी मान खाली घातली. तेव्हा लोखंडेबाईंनी पुढं ढकललेली आपलीच कळशी स्वतःच मागं ओढली आणि ओरडल्या, "ए, गप बसा सगळ्या! चष्मा गिळलेल्या घोड्याचं पुढं काय झालं ते कळल्याबिगर मी कुणाला पाणी भरू देणार नाय. काकू, इकडं पुढं या."

"और वो टीव्ही वाला नक्को, भाभी," रझिया आपा म्हणाल्या. "अपना वाला बोलो."

घोडा पावसाळ्यापर्यंत जगला. पुढं नळाला पाणी आलं, रांग मोडली, शहराचं एक टोक वाळूजच्या पलीकडं आणि दुसरं शेंद्र्यापर्यंत गेलं. मी त्या विषयातून कसा सुटलो हे घरात अजून कुणी विचारत नाही, हा त्यांचा मोठेपणा.

काका आधी गेले. त्यानंतर काकूही फार बोलेनाशा झाल्या. त्या गेल्या त्याच्या आदल्या वर्षी मी भेटायला गेलो होतो. काहीतरी विषय हवा म्हणून त्या सिनेमाचं काढलं. म्हटलं, "काकू, घोडा मला पाठ आहे. पण खऱ्या सिनेमात शेवटी त्या लांबड्याचं आणि गोलाचं काय झालं, ते काही आठवेना बघा. तुम्ही तर इतक्या हसत होतात."

मी कॅसेट ठरवून घरी आलो त्या दिवशी काकांनी पाहिलं होतं, तसं काकूंनी माझ्याकडं पाहिलं.

"मला काय म्हाईत?" त्या म्हणाल्या. "मी कुठं टीव्हीकडं पाहत होते? मी तुझ्या काकाकडं पाहत होते."