मागलीची घंटा

साताऱ्याहून सुटलेली कल्याणची एसटी शिळफाट्याला येऊन जी थांबली, ती थांबलीच. पुढे ट्रक, मागे ट्रक, शेजारी सिमेंट घुसळणारी गाडी, आणि रस्त्याच्या मधोमध मेट्रोचे अर्धवट खांब. मी कंडक्टरला विचारलं, "अहो, कधी हलणार ही?" तो तिकिटाच्या मशीनवरून मान वर न काढता म्हणाला, "हलली की कळेलच तुम्हाला, मावशी." तेव्हाच माझं डोकं फिरायला सुरुवात झाली. ते परत येईपर्यंत ठिकाणावर आलं नाही, हे आधीच सांगून ठेवते. इथे निसर्गाची रम्य वर्णनं शोधू नका.

मी निघाले होते माझ्या दादासाठी. दादा ठाकुर्लीला राहतो. सगळा जन्म त्याने तिथल्याच अग्निशमन दलात ड्रायव्हर म्हणून काढला. पाण्याचा बंब त्याने कधी चालवला नाही. त्याच्याकडे होती बंबाच्या मागून जाणारी गाडी. शिड्या, दोर, नळ्यांची भेंडोळी, मोठे दिवे, जखमींसाठी घोंगड्या, असं सगळं वाहून नेणारी. तिच्यात पाण्याचा थेंब नसायचा, पण ती पोहोचली नाही तर बंबवाल्यांचे हात बांधलेले. दलातली माणसं तिला 'मागली' म्हणायची, म्हणजे मागून येणारी. "मागली निघाली का?" असं फोनवर ओरडलेलं मी लग्नाआधी त्याच्याकडे असताना कितीदा ऐकलंय. पुढे मागली भंगारात निघाली, दादा निवृत्त झाला, आणि काचबिंदूने त्याचे डोळे नेले. आता त्याला उजेड आणि अंधार एवढंच कळतं.

मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला. ठाण्यात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरणार होतं. शेजाऱ्याने मोबाइलवर त्याची जाहिरात लावली, आणि तीत कुणीतरी एका लाल गाडीची घंटा वाजवली.

"मंदे, ती मागलीची घंटा आहे," दादा म्हणाला. "तुझी वहिनी म्हणते म्हातारपणाचं खूळ. मला हात लावून बघायचंय. तू ये."

"अरे, पण मी कशाला? वहिनी नेईल की."

"ती भांडत नाही. तू भांडतेस."

पिशवी भरली आणि निघाले.

मानपाड्याला उतरून रिक्षाने ठाकुर्ली गाठली. दारात वहिनी उभीच होती. ती मूळची अलिबागकडची, बोलायला कमी आणि वाढायला जास्त. रात्री तिने उद्यासाठी भिजवून बांधून ठेवलेले वाल दाखवले. म्हणाली, "मोड आलेत, उद्या सोलून उसळ करते, बिरडं. पण वेळेवर या, वन्सं. आणि यांना फार आशा लावू नका." दादा आतून ओरडला, "मला ऐकू येतंय!"

सकाळी गाडी ठरवली. ड्रायव्हर डोंबिवलीचाच तरणा पोरगा. "काकी, शिळफाटा नको, माणकोलीच्या पुलावरून घेतो, सुमडीत पोहोचू," म्हणाला. पूल चांगलाय, हे रागातसुद्धा कबूल करते. दोन्ही बाजूंना तिवरांची दाट हिरवी झाडी आणि खाली उल्हास नदीचं रुंद पात्र. दादाने काच खाली केली आणि नाक बाहेर काढलं.

"पाणी चढतंय की उतरतंय रे?" त्याने ड्रायव्हरला विचारलं.

"भरती आहे बघा, काका."

"आमच्या वेळी हा पूल असता," दादा म्हणाला, आणि काच वर केली.

ठाण्यात शिरल्यावर एका जुन्या हॉटेलात मिसळ खाल्ली. तिखट इतकी की कानातून वाफा आल्या. पोऱ्याने दादापुढे चमचा ठेवला, तो दादाने बोटाने बाजूला सारला. "चमच्याने खातात ते दवाखान्यात," तो म्हणाला. डोळे गेल्यापासून हे वाढलंय त्याचं. भात हाताने, दही हाताने, शिरासुद्धा हाताने. बोटांना जे कळतं तेवढंच खरं, असं त्याचं झालंय. पाव रश्शात बुडवून त्याने सावकाश खाल्ला, हात धुतले, रुमालाने कोरडे केले, आणि पुन्हा कोरडे केले.

प्रदर्शन घोडबंदर रस्त्यावरच्या एका लॉनवर होतं. लग्नाला असतात तसे तंबू, हिरवळीवर ओळीने उभ्या गाड्या, आणि प्रत्येक गाडीभोवती मखमली दोरी. लाल गाडी शेवटी होती. मी बघितली आणि मला ओळखूच येईना. लाल रंग असा चकचकीत की त्यात माझा चेहरा दिसत होता. शिड्या वॉर्निश केलेल्या, नळ्या पांढऱ्याशुभ्र, कधी ओल्या न झालेल्या. आणि दारावर सोनेरी इंग्रजी अक्षरांत एका परदेशी शहराच्या दलाचं नाव! ही आमच्या मानपाड्याच्या कारखान्यांची आग बघितलेली गाडी असेल, तर तिला विलायतेचं नाव देणारा हा कोण टिकोजीराव?

"काय लिहिलंय दारावर?" दादाने विचारलं. मी सांगितलं. त्याने मान गाडीच्या दिशेने वळवली. मग म्हणाला, "घंटा कुठाय?"

घंटा केबिनच्या बाहेर, डाव्या अंगाला टांगलेली. मी त्याचा हात धरून दोरीखालून वाकायला लागले, एवढ्यात माझ्या चपलेचा अंगठा तुटला. ती हातात घेते तोवर रखवालदार धावत आला. "आजी, हात लावायचा नाही. बोर्ड वाचा. लांबून बघा."

"त्यांना दिसत नाही," मी म्हणाले.

"मग आणलं कशाला?"

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. "कशाला आणलं? ही गाडी चालवलीय त्याने! तू जन्मायच्या आधीपासून! लोक घरातून बाहेर पळत होते तेव्हा हा माणूस हिच्यात बसून आगीकडे जात होता, आणि तू त्याला विचारतोस कशाला आणलं?" बोलताना हात हलत होता आणि हातात चप्पल होती, हे माझ्या लक्षातच नाही. रखवालदार मात्र दोन पावलं मागे सरला. लोक जमले. दोघातिघांनी मोबाइल वर धरले.

मग मालक आला. पांढरा सदरा, डोक्यावर सरकवलेला गॉगल आणि तोंडात साखर. मला उद्धट माणूस परवडतो, त्याच्याशी भांडता तरी येतं.

"काकू, शांत व्हा ना. काकांबद्दल आदरच आहे. पण हा रंग स्पेशल मागवलेला आहे, बोटांच्या घामाने डाग पडतात. मी काकांना छान व्हिडिओ पाठवतो."

"व्हिडिओ? आंधळ्या माणसाला?"

लोक हसले. तो हसला नाही. त्याने मोबाइलांकडे बघितलं, मग माझ्या चपलेकडे, आणि म्हणाला, "बरं, फक्त घंटा. घंटेला पॉलिश परत करता येतं."

दादाने हात पुढे केला. मी त्याचा तळवा पितळेवर टेकवला. त्याने घंटा बाहेरून चाचपली, काठावरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"इथे टवका होता," तो हळूच म्हणाला. "मानपाड्याच्या आगीत वरून पत्रा पडला होता. नाहीये टवका."

"तो आम्ही घासून लेव्हल केला, काका," मालक कौतुकाने म्हणाला.

दादाचा चेहरा विझला. टवका होता म्हणजे हीच असेल, पण असे टवके कुठल्याही घंटेला असतात. मला वाटलं, आता हा म्हणणार, चल घरी. पण त्याने हात वळवला आणि बोटं घंटेच्या आत घातली. पार वरपर्यंत, आतला लोलक टांगलेला असतो तिथवर. आणि तसाच उभा राहिला.

हात बाहेर काढला तेव्हा चारही बोटं काळी होती. तेलकट, जुनं काळं. त्याने ती नाकाशी नेली.

"हीच," तो म्हणाला. "मंदे, हीच गं."

मी विचारलं, "कशावरून?"

"आतून पुसायची नाही ना आम्ही." आता त्याला धीर निघत नव्हता, तो जमलेल्या सगळ्यांनाच सांगायला लागला. "खंडेनवमीला गाडी धुवायचो, चिंच लावून घंटा बाहेरून सोन्यासारखी करायचो. पण आत फडकं घालायचं नाही. घंटा आतून पुसली की वर्दी येते, कुठेतरी आग लागते. नवा माणूस आला की पहिल्या दिवशी हेच सांगायचं. जेवढ्या आगी आमच्या मागलीने बघितल्या, त्या सगळ्यांचा धूर आत आहे."

कुणीतरी टाळी वाजवली. एका बाईने डोळे पुसले. मला वाटलं, चला, सगळं भरून पावलं. मालकही पुढे आला, वाकला आणि घंटेच्या आत मोबाइलचा उजेड मारला.

"अरे यार," तो म्हणाला. "आत एवढं काळं राहिलं? कुणी बघितलंच नाही?" आणि मागे वळून हाक मारली, "ए, पॉलिश आण रे, लगेच! उद्या परीक्षक येणार आहेत."

माणूस फडकं घेऊन आलासुद्धा. मी ओरडले, "अहो, आत्ता काय सांगितलं त्यांनी? कान आहेत का नाहीत?" मालक म्हणाला, "काकू, श्रद्धा आपल्या जागी, पण फिनिशिंगचे मार्क जातात." आणि फडकं आत गेलं. दादाला ते दिसत नव्हतं, पण घासण्याचा आवाज येत होता. मी त्या माणसाचा हात धरायला पुढे झाले, तर दादाने माझा दंड पकडला. तो मालकाच्या आवाजाच्या दिशेने वळला.

"साहेब, आतून पुसलीत. आता आज रात्री तेवढा गॅस नीट बंद करून झोपा. घरी लहान मुलं असतील."

टोमणा नव्हता हो! मनापासून, काळजीने सांगत होता तो. मालक म्हणाला, "हो हो, काका," आणि फोन घ्यायला वळला. मला दादाच्या काळजीचाच जास्त राग आला. एवढं भांडले मी, आणि शेवटी काय, तर त्या माणसाला कळलं घंटा आत कुठे मळलीय. दादाने ओळखली नसती तर मागलीचा धूर तिच्यापाशी राहिला असता.

परतीच्या वाटेत पुलावर ड्रायव्हरने एकदा आरशातून बघितलं. "काका, हात पुसायला कपडा देऊ?" दादा म्हणाला, "नको." उजवा हात त्याने मांडीवर उताणा ठेवला होता, कशालाही न लागेल असा.

घरी वहिनीने पानं मांडलेली. वाफाळता भात, बिरडं, तळलेली मिरची. तिने दादाचा हात बघितला आणि म्हणाली, "शी! कुठे घातलेला हा? आधी साबणाने धुऊन या."

दादा पाटावर बसला. पान कुठे आहे ते डाव्या हाताने चाचपलं.

"आज चमचा दे," तो म्हणाला.

वहिनी माझ्याकडे बघतच राहिली. मी मानेने खुणावलं, दे. तिने चमचा आणला आणि त्याच्या डाव्या हातात ठेवला. निम्मा भात पानाबाहेर सांडवत, उजवा हात गुडघ्यावर उताणा ठेवून, माझा भाऊ लहान पोरासारखा जेवला. मी माझं पान बाजूला सारलं. रागाने, दुसरं काही नाही.

दुसऱ्या दिवशी परतीची एसटी पुन्हा शिळफाट्यालाच अडकली. तेच ट्रक, तेच खांब. मागून एक बंब घंटी वाजवत आला, आणि एकही गाडी इंचभर सरकेना. सरकायला जागाच नव्हती. मी खिडकीतून अर्धी बाहेर आले आणि ट्रकवाल्यांच्या नावाने घसा बसेपर्यंत ओरडले. दादा म्हणतो ते खरंय, मी भांडते. त्याच्या बाजूने ओरडणारं कुणीतरी असायला हवं होतं, ते त्याने साताऱ्याहून मागवलं, आणि त्याचाही उपयोग झाला नाही.

बऱ्याच वेळाने वाट मिळून बंब गेल्यावर मी वहिनीला फोन लावला. "धुतला का गं हात?"

"कसला धुतोय," ती म्हणाली. "पोळी भरवतेय मी त्यांना."