माझंच कार्ड नव्हतं

"आशे, तू काय पेशंट हायस का? ऊठ तिथनं. पाव्हण्यांचा चहा राहिलाय."

एवढंच म्हणाल्या वहिनी. पण भरल्या हॉलमध्ये म्हणाल्या. ग्रामपंचायतीत बायांच्या तपासणीचं शिबिर व्हतं. मी खुर्चीवर टेकून बोट पुढं केलेलं. तपासणाऱ्या पोरीनं ते कापसानं पुसलंबी व्हतं. तिनं वहिनींकडं बघितलं आन् सुई मागं घेतली.

मी "व्हय वहिनी" म्हणलं. उठले.

घटकाभर आधी याच वहिनी माईकवर बोलल्या व्हत्या. आईनं स्वतःकडं बघितलं पाहिजे, आई धडधाकट तर घर धडधाकट. बायांनी टाळ्या वाजवल्या. मीबी वाजवल्या. त्या आया कोण, त्यात मी न्हाई, हे मला चहाच्या किटलीपाशी गेल्यावर कळलं. माझ्या आईच्या हातचा चहा वहिनींसारख्यांच्या घरांत चालत नव्हता. माझ्या हातचा चालतो. कागदी कपात.

मी आशा वर्कर हाय. गावात नावानं मला कोण हाक मारत न्हाई. आमच्या बौद्धवाड्यात आशाताई म्हणत्यात, वहिनी आशे म्हणत्यात. वहिनी म्हंजी माजी सरपंच. त्यांचे मालक दूध संस्थेचे चेअरमन. गावात कुणाची तक्रार वर जायची, कुणाची दाबायची, ते त्यांच्या ओसरीवर ठरतं.

त्या दिवशी शिबिराला गावातल्या झाडून साऱ्या बाया मीच आणल्या व्हत्या. घरोघर फिरून. "अगं चल, रक्त तपासून घे, तुझ्यासाठीच हाय." आन् मला स्वतःला दीड वरीस अंगावरनं रक्त जात व्हतं. महिन्यातले पंधरा-पंधरा दिवस. वस्तीवरचा चढ चढले की डोळ्याम्होरं काजवे. छातीत धाप. माझ्या पिशवीत रक्त वाढायच्या गोळ्यांची पाकिटं असायची. मी ती वाटायची. एकबी गोळी कवा स्वतःच्या तोंडात टाकली न्हाई. इसरायची म्हणा, न्हाईतर आपल्याला गोळी लागती हे डोक्यातच येत नव्हतं म्हणा.

पहाटं माझ्या मालकांचा डबा. ते रांजणगावला कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर. फस्ट शिफ्टची बस फाट्यावरनं सुटती. मंग पोरांचं, सासूचं, मंग गाव. माझी आईबी अशीच. कांदा निवडायला बसायची, खाली दुहेरी गोणपाट घालून. डाग दिसू नये म्हणून. मी इचारलं की म्हणायची, "बाईच्या जातीला असतंच." असतंच म्हणत म्हणत पन्नाशीच्या आत गेली. दवाखान्याच्या दारात नेईस्तवरबी थांबली न्हाई.

शिबिरानंतर महिन्याभरानं वहिनींच्या सुनेचं डोहाळजेवण व्हतं. सुनेला तपासायला मी जायचीच. गेलं की वहिनी म्हणायच्या, "आलीच हायस तर जरा मागलं अंगण झाड." नंतर भांडी. नंतर धान्य वाळवायचं. कवापासनं सुरू झालं, माझं मलाच आठवत न्हाई. न्हाई म्हणलं तर तक्रार जाईल, ही भीती. ती त्यांनी कवा बोलून दावली न्हाई. दावायची गरजच नव्हती.

त्या दिवशी पंगती उठल्यावर मी मागल्या मोरीवर बसले. भाताचं पातेलं उचललं आन् हातातनं सुटलं. डोळ्याम्होरं सगळं पांढरं झालं. भिंतीला धरून मी तिथंच बसकण मारली.

वहिनी आवाजानं बाहेर आल्या. आधी पातेल्याकडं बघितलं. मंग माझ्याकडं.

"काय गं? जमत न्हाई का?"

"चक्कर आली, वहिनी."

"मंग पोरीला पाठवत जा की. दहावीला हाय न्हवं तुझी? हाताला वळण लागंल."

पोरगी नेमकी तवाच आलेली. शाळेतनं सुटून कपाटाची चावी मागायला. परसाच्या दारात उभी. तिनं दप्तर खाली ठेवलं. बाह्या सारल्या. "व्हय काकू," म्हणली आन् पातेलं उचलायला वाकली.

कुणी शिकवलं व्हतं तिला? मीच. तोंडानं न्हाई. पण रोज बघत व्हती ना ती. दुखतंय तरी आई उठती. चक्कर येती तरी आई व्हय म्हणती. आई म्हंजी असंच असतं, हे तिनं माझ्याकडनंच घेतलं व्हतं. मला माझ्या आईची कांद्याच्या ढिगावर वाकलेली पाठ दिसली. तीच पाठ. गणवेशात.

"ठेव ते," मी म्हणलं.

पोरगी थांबली.

"ठेव म्हणते ना. दप्तर उचल."

मंग वहिनींकडं वळले. उभं राहायची ताकद नव्हती. बसूनच बोलले. "वहिनी, माझी पोरगी तुमच्या मोरीवर बसणार न्हाई. आन् आजपासनं मीबी न्हाई. सुनबाईला तपासायला येईन, तिच्या बाळंतपणाला रात्र-दिवस उभी राहीन. ते माझं काम हाय. भांडी माझं काम न्हाई."

"लई शानी झाली का गं? वर कळवू का?"

"कळवा."

शूरपणा बिरपणा काय नव्हता त्यात. दमले व्हते नुसती. इतकी दमले व्हते की भ्यायलाबी अंगात काय उरलं नव्हतं. पोरीच्या खांद्याला धरून घरी आले.

दुसऱ्या दिवशी येष्टीनं दौंडच्या सरकारी दवाखान्यात गेले. एकटी. कुणाला तरी तपासायला घेऊन मी कितींदा गेले असंल, पण स्वतःसाठी बसमध्ये बसायची ही पहिलीच खेप. खिडकीतनं ऊस बघत व्हते आन् सारखं वाटत व्हतं, आपण काहीतरी चोरून निघालोय. घरातला वेळ चोरून.

डॉक्टर बाईंनी सोनोग्राफी केली. रक्त तपासलं. रिपोर्ट बघून चष्मा काढला. "तुम्ही आशा वर्कर आहात ना? मग इतके दिवस काय करत होता?"

काय सांगायचं? गावातल्या हरेक गरोदर बाईचं कार्ड माझ्याकडं हाय. कुणाचं रक्त किती, कुणाचं वजन किती, समदं तोंडपाठ. माझंच कार्ड कुठं नव्हतं.

गर्भाच्या पिशवीत गाठ निघाली. आधी सलाईनमधनं रक्त वाढवायचं, मंग ऑपरेशन. पुढं दीड महिना जड उचलायचं न्हाई.

घरी सांगितलं. मालक डोकं धरून बसले. "अगं, मला सुट्टी न्हाई मिळायची. पोरीची परीक्षा झाल्यावर करू." त्यांचंबी खोटं न्हाई. दोन खाडे झाले की कॉन्ट्रॅक्टर दुसरा माणूस घेतो. सासू म्हणली, "आम्ही कुठं दवाखाने बघितले? जगलोच की." मी तिच्याकडं बघितलं. गुडघ्याला हात लावल्याबिगर तिला उठता येत न्हाई. जगली, व्हय. पण कशी जगली, ते तिलाबी कवा कुणी इचारलं न्हाई. तिच्यावर रागवावं असं वाटलं न्हाई.

वहिनींनी तक्रार केलीच. तालुक्याच्या साहेबांनी मला बोलावून घेतलं, लेखी खुलासा मागितला. मी लिहून दिला. मोरी, पातेलं, पोरगी, समदं. म्होरं काय व्हईल ठाऊक न्हाई. काम जाईल, न्हाईतर ऱ्हाईल.

आजबी चढ चढताना तीनदा थांबते. सलाईनं चालू हायत. बरी झाले न्हाई अजून.

ऑपरेशनची तारीख येत्या मंगळवारची हाय. "आत्या," मी सासूला म्हणलं, "परीक्षा पोरीची हाय, ती देईल. भाकरी पोरगाबी थापील, त्यालाबी दोन हात हायत. तारीख पुढं जाणार न्हाई." मालकांना सांगितलं, सोबत आलात तर बरं. न्हाई जमलं तर ऑपरेशनच्या परवानगीच्या कागदावर माझी सही मी माझ्या हातानं करीन.