पडवीपर्यंतची वायर

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. लोकांच्या कौलांवर चढा, आपोआप जमतात! मी रत्नागिरीत वायरी ओढायला लागले तेव्हा केबल म्हणजे काय, हे निम्म्या गावाला ठाऊक नव्हतं. दुकानात एक व्हीसीआर, त्यातून निघालेली काळी वायर, आणि ती ज्याच्या घरी पोचेल त्याला दुपारी एक पिक्चर. झाली केबल.

आमच्या ह्यांची मुंबईची गिरणी बंद पडलेली. मी बागांमधून आंब्याच्या पेट्या भरायची. घरचा रेडिओ उघडून-जोडून सोल्डरिंग मात्र शिकले होते. चौथीनंतर मला कोणी काही शिकवलं नाही. जे आलं ते माझं मी. दामूशेठनी केबल काढल्याचं कळलं तशी दुकानात जाऊन उभी राहिले. म्हटलं, मला फिटर करा. शेठ आधी हसले. मग म्हणाले, "शिमग्यापर्यंत ठेवतो. कनेक्शनं वाढली तर राहा, नाहीतर तुझ्या पेट्या आहेतच."

मला पेट्यांकडे परत जायचं नव्हतं.

*

पहिलं काम वायर सोलायचं. वरचं काळं रबर कापायचं, पण आतली जाळी तुटू द्यायची नाही. शेठचा जुना फिटर भिकू ते ब्लेडनं करायचा. मला ब्लेड जमेना. दुसऱ्या दिवशी घरून विळी नेली, पाट मांडून बसले आणि सोलायला लागले.

भिकू म्हणाला, "वहिनी, वायर सोलताय की भेंडी चिरताय?"

म्हटलं, "माझी बोटं शाबूत आहेत. तुझी दाखव."

त्यानं हात खिशात घातले.

*

वरच्या आळीत एका काकांनी मला शिडीवर अडवलं. खाली देवघर आहे, म्हणाले, बाईमाणसानं कौलावर पाय ठेवायचा नाही. मी नऊवारीचा काष्टा घट्ट खोचला आणि वर बोट दाखवलं. त्यांची मांजरी पन्हाळीवर आरामात पसरली होती.

"हिला विचारलंत?"

काका आत गेले. काकूंनी येऊन शिडी धरली.

*

मांडवीच्या एका घरी रोज दुपारी पिक्चर जायचा. संध्याकाळी आपोआप यायचा. सगळे जोड दोनदा बांधले, तरी तेच. शेठ तोंड फिरवून बोलायला लागले. शेवटी एक दिवस भर उन्हात वायरीच्या खालून चालत गेले. पाहते तर दोन माडांच्या मध्ये माझ्या वायरीवर ओले बोंबील लटकवलेले, एकाला एक चिकटून! त्या वजनानं जोड सुटायचा. बोंबील सुकून हलके झाले की पुन्हा टेकायचा.

मी मालकिणीवर तोंडसुख घेतलं. ती शांतपणे म्हणाली, "बाय, तूच बांधलीस ना? मना वाटला, बोंबील सुकवायला वलणीच बांधून गेलीस."

तिला काथ्याची वेगळी दोरी बांधून दिली. कनेक्शन तेवढं टिकलं.

*

पण वाढत काही नव्हतं, आणि शिमगा जवळ आलेला. कारण मला कळलं होतं. घरोघरचे पुरुष मुंबईला. कौलांवर मी असले तरी टीव्ही जोडायला भिकू जायचा, आणि दुपारी घरात फक्त बायका, त्यामुळे त्याला कोणी माजघरात घ्यायचं नाही. तो वायर पडवीपर्यंत आणायचा आणि निघायचा. मग टीव्ही पडवीत. मग अख्खी वाडी अंगणात! एका कनेक्शनवर सगळे फुकट बघणार, तर दुसरं घेणार कोण?

शेठना हे सांगितलं तर म्हणाले, "तू बाई आहेस ना? मग टीव्ही आत घे सगळ्यांचे."

घेतले. मला चुलीपर्यंत जायला कोणी अडवलं नाही, वर चहाही मिळाला. राहिली गोदाआजी. सगळ्यात मोठं अंगण तिचं. मी वायरीचं भेंडोळं घेऊन आत निघाले, तर ती उंबऱ्यात आडवी बसली.

"आत नको गो. चारी पोरगे मुंबयला. आत नेलास तर माज्याकडं कोन येल?"

वायर पडवीतच ठेवली. जोड मात्र असा पक्का केला की बोंबलांची अख्खी होडी टांगली तरी सुटू नये.

दुसऱ्याच दुपारी शेठ स्वतः आले. अंगण गच्च भरलेलं. मी खांबाशी उभी होते. ते माझ्यावर तापलेच, "वायर आत का नाही?"

मी उत्तर द्यायच्या आधी आजी बोलली, "दामू, चपला काढ नि खाली बस. मागच्यांना दिसत नाय."

शेठ बसले. पिक्चर संपेपर्यंत बसले. मध्ये एकदा हसलेसुद्धा. मग उठले, धोतर झटकलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "उद्या पहिलं घर कुठलं?"

मी तोंड उघडायच्या आत अंगणाच्या मागच्या रांगेतून चार-पाच बाया एकदम म्हणाल्या, "माजा!"