आईच्या सॅलडचं पाणी

आईच्या रक्तातलं पोटॅशियम वाढलं आणि घरात सगळ्यांत आधी डॉक्टर झालो तो मी.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. माझ्या बहिणीची मुलगी प्रणाली हिचं लग्न ठरलं होतं, मुरबाडला, तिच्या घरी. आमची आई धवलारीण. म्हणजे आमच्याकडच्या लग्नांत हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं तिने म्हणायचं आणि तिने म्हटल्याशिवाय विधी पुढे सरकायचा नाही. शेणव्यापासून डोळखांबपर्यंत निम्मी लग्नं तिनेच लावली होती. (त्यातली काही मोडली, पण त्याला गाणं जबाबदार नव्हतं.) आता सख्ख्या नातीचा धवला म्हणायचा, म्हणून ती वर्षभर गळा जपत होती. गळा शाबूत राहिला. मूत्रपिंडं दमली.

शहापूरच्या डॉक्टर मॅडमनी रिपोर्ट बघून चष्मा काढला. डॉक्टरने चष्मा काढला की समजायचं, आता बोलणं वाढणार.

"आजी, पोटॅशियम जास्त झालंय. असंच वाढलं तर हृदयावर येईल. लग्नाच्या आधी परत तपासू. कमी आलं तर खुशाल जा. नाहीतर ठाण्याला भरती."

"आनि धवला कोन म्हनेल?" आईने विचारलं.

"मोबाईलवर लावतील."

आई त्यांच्याकडे अशा नजरेने बघत राहिली की मॅडमनी चष्मा परत चढवला.

मग पथ्य सांगितलं. केळं, टोमॅटो, बटाटा, शहाळं, गूळ, शेंगदाणे बंद. ते कमी सोडियमचं मीठ मिळतं तेही आणायचं नाही, त्यात पोटॅशियमच असतं. भाज्या सोलून बारीक चिरायच्या, कोमट पाण्यात भिजत ठेवायच्या, मग भरपूर पाण्यात उकडून घ्यायच्या. "आणि पाणी," मॅडम म्हणाल्या, पण तेवढ्यात माझा फोन वाजला आणि मी बाहेर गेलो; आई तर अजून मोबाईलवरच्या धवल्यातच अडकली होती. पाण्याबद्दल मला कुणी काही शिकवावं, असं मला वाटतही नव्हतं. मुंबईला पाणी पाजणाऱ्या भातसा धरणावर मी उभा जन्म नोकरी केलेली.

घरी आल्यावर मी जाहीर केलं, "आईचं सॅलड मी करणार."

"तुमी?" सुनंदा म्हणाली. सुनंदा म्हणजे माझी बायको. "तुमी अजून चहा उतू घालता."

"व्हिडिओ बघितलेत मी."

"मंग व्हिडिओच वाढा त्यांना."

माझं पहिलं सॅलड आईपुढे आलं. उकडलेलं गाजर, उकडलेली फरसबी, उकडलेला कोबी. मीठ जवळपास नाही, कूट नाही, टोमॅटो नाही. आईने ताटलीकडे बघितलं.

"बाल्या, हे कुनी खाल्लेलं हाय का आधी?"

"खा गो आये, चांगलं असतं."

"चांगलं हाय तं तू खा."

मी एक घास खाल्ला. पावसात भिजलेल्या वर्तमानपत्राची चव मला माहीत नाही, पण अंदाज आला.

इथे माझ्यातला आचारी जागा झाला. (सुनंदाच्या मते तो झोपेत चालत होता.) दुसऱ्या दिवसापासून मी उकडलेल्या गाजर-फरसबीच्या जोडीला काकडी सोलून चोचवली, कोबी केसासारखा चिरून भिजवला, कांदा मुठीने फोडून पाण्यात चुरून घेतला म्हणजे तिखटपणा गेला आणि कुरकुरीतपणा राहिला. वर लिंबू पिळलं, भाजलेल्या जिऱ्याची पूड टाकली, मिरपूड टाकली. कुटाच्या जागी कोरडे भाजलेले कुरमुरे हाताने चुरले आणि अगदी ताटात वाढताना घातले, म्हणजे ते मऊ पडत नाहीत. त्यावर हिंग, मोहरी आणि हिरव्या मिरचीची चरचरीत फोडणी. कधी पातळ चिरलेला मुळा, कधी ढोबळी मिरची, कधी थोडंसं सफरचंद आणि फेटलेली मोहरी. मोहरीचा झणका नाकात गेला की माणूस मीठ मागायचं विसरतो, हा माझा शोध.

आईने एक दिवस ताटली पुसून खाल्ली आणि शेजारच्या यमूकाकूला हाक मारून म्हणाली, "आमच्या बाल्याला हात हाय गो. एवढ्या उशिरा समजलं."

त्या वाक्याने माझा घात केला. कौतुक झालेला माणूस थांबत नाही, तो आणखी एक पदार्थ करतो.

आता आमच्या पाड्यावर मे महिन्यात पाण्याची काय गत असते ते सांगतो. धरण एवढं जवळ की वारा सुटला की त्याचा गारवा लागतो, आणि नळाला येतो तो नुसताच वारा. टँकर आला की हंडे धावतात. तांदूळ धुतलेलं पाणी झाडाला, भांडी विसळलेलं पाणी म्हशीला, अशा घरात मी वाढलो. त्या घरात मी रोज पातेलंभर पाण्यात भाजी भिजवत होतो, पातेलंभर पाण्यात उकडत होतो, आणि ते गरम, स्वच्छ, गाजराच्या रंगाचं, मस्त वासाचं पाणी माझ्याकडे बघत असायचं. ते मोरीत ओतायचं? मुंबईला कोटी कोटी लिटर सोडताना हात कापला नाही, पण हे पातेलं उचलवेना.

शिवाय माझं शास्त्र पक्कं होतं. पाणी उकळलं की त्यातले जंतू मरतात, हे धरणावर आम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचो. पोटॅशियमची काय बिशाद! भाजी उकळायला का सांगितली? ते मरावं म्हणून. म्हणजे उकळलेलं पाणी सगळ्यांत निर्धोक. मग मी त्याचं सार केलं. तूप-जिऱ्याची फोडणी, आलं, मिरी, वरून दोन कढीपत्त्याची पानं. सॅलडसोबत वाटीभर सार, दोन्ही वेळा. आई भुरके मारून प्यायची. चव आणखी दाट यावी म्हणून आमच्यासाठी उकडलेल्या बटाट्यांचं पाणीही मी त्यात ओतायला लागलो. बिचारीला बटाटा बंद होता, निदान त्याचा वास तरी पोटात जावा.

"अवो, हे पानी चालतं ना त्यांना?" सुनंदाने एकदा विचारलं.

"उकळलेलं आहे," मी म्हणालो. त्यावर कोण काय बोलणार?

लग्न चार दिवसांवर आलं तेव्हा आम्ही रिपोर्ट घेऊन मॅडमसमोर बसलो. आईने येताना हळदीची साडी ब्लाऊजला लावून बघितली होती. मॅडमनी कागद बघितला आणि चष्मा काढला.

"वाढलंय," त्या म्हणाल्या. "आजी, काय काय खाता सांगा बरं."

आईने सांगितलं. काकडी, कोबी, कुरमुरे, मोहरी. मॅडम प्रत्येकाला मान हलवत होत्या. "सॅलड तर उत्तम आहे. कोण करतं?"

मी खुर्चीत सरळ बसलो.

"ह्यो करतो," आई म्हणाली. "आनि सार बी ह्योच करतो."

"कसलं सार?"

मी सांगितलं. अगदी फोडणीपासून सांगितलं. बटाट्याचं पाणी नेमकं केव्हा घालायचं तेही सांगितलं. 

"काका," मॅडम शांतपणे म्हणाल्या, "भाजीतलं पोटॅशियम पाण्यात उतरतं, म्हणून भाजी उकडायची. तुम्ही ते सगळं काळजीने भाजीतून काढलंत, गोळा केलंत, आणि आजींना वाटीतून पाजलंत?"

"दोन वेळा," आई म्हणाली. "फोडनी देऊन."

"पण मी उकळलं होतं," मी म्हणालो.

"ते मरत नाही हो. तो जंतू नाही."

लगेच आईच्या छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली. ती ठीक आली, तेव्हा माझी छाती परत चालू झाली. मॅडमनी पाण्यात कालवून घ्यायची एक पावडर लिहून दिली. परवा पुन्हा रक्त तपासायचं. उतरलं तर मुरबाड, नाहीतर तिथूनच ठाणे.    गाडीत मी मागच्या सीटवर आईच्या शेजारी बसून तिच्या मांडीवरच्या पिशवीकडे बघत होतो. पिशवीत ती साडी होती. चुकून तिने घडी घालून सोबतच आणली होती की काय, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

पुढचे दोन दिवस मी सॅलड करत होतो आणि आई मोरीजवळ पाट टाकून बसत होती.

"वत," ती म्हणायची.

मी ओतायचो.

"सगला वत. तलाला हाय अजून."

"आये, निदान अळवाला तरी घालू?"

"अलू तूच खातोस मागाहून. जा, घाल."

तिसऱ्या दिवशी दुपारी रिपोर्ट आला. मॅडमनी चष्मा काढला नाही. आईने विचारलं, "म्हनू का धवला?" त्या म्हणाल्या, "म्हणा. पण जेवणाचा डबा घरचा न्या. आणि सार नको." सुनंदा दवाखान्याच्या पायरीवर बसून रडली, मी तिला पाणी देऊ केलं, तिने ते घेतलं नाही.

मुरबाडला मांडव भरला होता. माझ्या मिठाच्या हातावर भरोसा नसल्याने डबा सुनंदाने भरला होता, फोडणी तेवढी माझी. हळद लागली आणि आईने आवाज लावला. काय आवाज होता तो, बारीक, पण मांडवाच्या शेवटच्या खांबापर्यंत पोचणारा. देवाला बोलावलं, कुळाला बोलावलं, नात्यागोत्याची नावं घेतली. धवलारणीला तिथल्या तिथे ओळी जुळवायची मुभा असते. मामाच्या मानाची पाळी आली, आणि मी टोपी नीट केली.

"मांडवाच्या दारी गो, मामा बसलाय मानाचा,
मामा बसलाय मानाचा, भाजी चिरतो शान्याचा.
भाजीचं इख काढी गो, काढून वाटीत ठेवी,
आयेला पाजी बाल्या, म्हने आये बरी व्हावी."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मग पदर काढून हसल्या. प्रणालीच्या कपाळावरची हळद हलायला लागली. व्याही मला हात जोडून हसले. आई मात्र डोळे मिटून, अगदी भक्तिभावाने पुढचं कडवं म्हणत होती.

पंगत बसली. नवरीचा मामा म्हणून काहीतरी करायला हवं, म्हणून मी जग उचलला आणि पाणी वाढायला निघालो. पहिल्याच पानावर व्याह्यांची म्हातारी आत्या बसली होती. तिने पेल्यावर हात आडवा धरला आणि हळूच विचारलं, "नुसतं पानीच हाय ना रे बाबा?"