बाहेरून लावलेली कडी

बाळ्याची ताई गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायची. जाड रेक्झिनमधून सुई ओढून तिच्या बोटांना घट्टे पडले होते. धाकट्या भावाने सुईचा भलताच नाद लावून घेतला होता. केस पिकले तरी सगळे त्याला बाळ्याच म्हणत, आणि तोही त्या नावाला जागत होता.

नशा सोडताना अंग मोडून येतं, थंडी भरते, ताप चढतो, हे ताईला तोंडपाठ होतं, कारण बाळ्या दर वर्षी नव्याने सोडायचा. दर वेळी तो गयावया करायचा, ती दार उघडायची आणि स्वारी पसार व्हायची. यंदा त्याने स्वतःच तिच्याकडून शब्द घेतला की, बाहेरून कडी लाव, मी मेलो म्हणालो तरी काढू नकोस.

ती खिडकीच्या गजांतून जेवण सरकवायची. बाळ्या ओरडला, रडला, आईची शपथ घालून झाली. मग मांडी ठणकतेय, सुई टोचायचो तिथेच सुजलंय, असं म्हणू लागला. ताईने शिलाई मशीन आणखी जोरात चालवलं. थंडी वाजतेय? वाजणारच. ताप आलाय? येणारच मेल्या. इतकी वर्षं मूर्ख बनली होती, आता बधणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती पाणी घेऊन गेली, तर तो पडल्या पडल्या पुटपुटला, "राहू दे, ताई. दार नको उघडूस. मला उठवतच नाहीये."

दार नको म्हणणारा बाळ्या तिने कधी पाहिला नव्हता. तिने कडी काढली. मांडी लालबुंद, टरटरून फुगलेली आणि तव्यासारखी तापलेली होती.

हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले की, घाणेरड्या सुईने मांडीत पू झाला आणि तो रक्तात भिनला; कालच आणलं असतं तर पाय वाचला असता. लक्षात कसं आलं नाही, असंही विचारलं. बाळ्या खोटं बोलला तेव्हा ताईने प्रत्येक वेळी दार उघडलं, आणि खरं बोलला तेव्हा मशीन चालवत बसली. तिला त्याचा राग येत होता, स्वतःचा त्याहून जास्त.

पाय कापल्यावर बाळ्या शुद्धीवर आला. चादरीखालची सपाट जागा चाचपून झाल्यावर त्याने ताईचा हात धरला.

"तू शब्द पाळलास, ताई. पुढच्या वेळीही अशीच घट्ट राहा."

पाय गेला होता. पुढची वेळ मात्र शाबूत होती.