मास्तर, शास्त्रज्ञ बाई आणि आईचं बी

'मला कळलं नाही' हे वाक्य इतक्या ऐटीत म्हणणारा दुसरा माणूस अख्ख्या सोलापुरात सापडायचा नाही. नवी पेठेत मी कडक भाकऱ्या विकते, तिथलं हे गिऱ्हाईक. शाळेतून निवृत्त झालेले विज्ञानाचे मास्तर. पुढे शास्त्रज्ञांना भेटून त्यांच्या कामावर एका साप्ताहिकात लिहू लागले. पेन्सिल हरवते म्हणून ती दोऱ्याने शर्टाच्या काजाला बांधलेली. पावसात वही प्लास्टिकच्या पिशवीत, मास्तर उघड्यावर. शास्त्रज्ञाला संशोधनाचं महत्त्व ते कधीच विचारत नसत. "महत्त्व विचारलं की माणूस भाषण देतो, मावशी. आज सकाळपासून काय केलंत आणि कुठं फसलात, एवढंच विचारायचं." ही सवय इतकी मुरलेली की मेथीवालीलाही विचारायचे, "काल कुठं फसलीस?" ती बिचारी जुड्या झाकायची. लिहिलेलं आधी मला वाचून दाखवत, कारण मी चौथी शिकलेली. मी अडले की चपला घालून परत शास्त्रज्ञाच्या दारात. एका साहेबांनी त्यांना फाटकात पाहून मागच्या दाराने पळ काढला म्हणतात. मास्तर मागच्या दाराशी उभे.

गेल्या साली वळसंगच्या आमच्या रानात ज्वारीला काणी पडली. दाण्याच्या जागी नुसती काळी भुकटी. बी आईचं होतं, माझ्या लग्नात माहेराहून, दुधनीहून आलेलं, दरवर्षी राखून पेरलेलं. ते गेलं तर तिचं दुसरं काही माझ्याकडे नव्हतं. सगळे म्हणाले, जाळा आणि दुकानातून नवं आणा. मी मास्तरांना म्हणाले, "तुमच्या वळखीच्या, ज्वारीच्या रोगाचं बघतात त्या शास्त्रज्ञ बाईंना तेवढं इचारा की."

"तुम्हीच चला."

दोघं बाईंच्या संशोधन केंद्रात गेलो. बाई पंधरा मिनिटं बोलल्या, निम्मं इंग्रजीत. मी मान हलवत राहिले. शिकलेल्या माणसापुढे आमच्यात हीच रीत. पदर सावरून उठलेही. मास्तर जागचे हलले नाहीत.

"बाई, मला कळलं नाही. मावशींनाही नाही. त्या उगाच मान हलवतायत."

"व्हय हो, मला समदं कळलं की!"

"काय कळलं?"

"बी जाळायचं."

बाई दचकल्या. "जाळायचं? आजी, मी असं कुठं म्हटलं?"

पुन्हा सांगितलं. मास्तरांना पुन्हा कळलं नाही. मग बाईंनी वैतागून मी नेलेलं कणीस ओढलं आणि एक काळा दाणा चांगल्या दाण्यांवर चिरडला. सगळ्यांवर काजळी बसली.

"बघा. रोग बियाच्या पोटात नाही, अंगावर बसलाय. पेरायच्या आधी बियाला गंधकाची भुकटी चोळा."

"येवढंच? मग आधी का सांगितलं न्हाई?"

"तुम्ही मान हलवत होतात ना!"

गंधक किती, कसं चोळायचं, हात कधी धुवायचे, सगळं मास्तरांनी तीनदा विचारून लिहून घेतलं. मला तेव्हा लाज वाटली आणि मास्तरांचा राग आला. राग पेरणीपर्यंत टिकला.

यंदा कणसं स्वच्छ भरली. मास्तरांना आता ऐकू येत नाही, यंत्र लावूनही नाही, त्यामुळे मुलाखती बंद. मी पिशवीभर ज्वारी घेऊन त्यांच्या घरी गेले. ओरडून उपयोग नव्हता. त्यांचीच वही ओढून लिहिलं, 'आईचं बी वाचलं. तुमच्यामुळं.' त्यांनी ते बराच वेळ वाचलं, आणि उठून स्वतः चहा केला. साखर घालायला विसरले होते. मी सगळा प्यायले.